डाव्या वेढ्यांची स्प्रिंग

(कैरोतला सब्तिया बाजार. उस्ता बिशाराचं स्प्रिंगांचं दुकान. दुपार.)

बिशारा : ...अशीच, म्हणजे नेमकी कशी, बाई? लांबीला अशी, घेराला अशी, की जोराला अशी? तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

इन्शिराह : अशीच म्हणजे अशीच. नमुना हातात दिलाय ना उस्ता? याच्यासारखी काढून द्या, मी चालले.

बिशारा : कशाला लावायचीय?

इन्शिराह : सब्तियात कधीपासून विचारायला लागले, कशाला लावायचीय म्हणून? नमुना दाखवा, माल न्या. असंच चालतं ना इथे?

बिशारा : बाकीच्यांकडे चालतं. मी विचारतो. नमुन्यावरून माप कळतं, काम कळत नाही. दांड्यावर चढणार असेल तर आतला घेर बघायचा, भोकात बसणार असेल तर बाहेरचा. कोरड्यात राहणार तर एक तार, ओल्यात राहणार तर दुसरी.

इन्शिराह : दाराला लावायचीय.

बिशारा : कुठल्या दाराला?

इन्शिराह : घराच्या. झालं समाधान?

बिशारा : तुमच्या घराचं दार वाफ सोडतं का?

इन्शिराह : काय?

बिशारा : हा पांढरा थर बघा. किटलीच्या बुडाला बसतो तो हाच. ही स्प्रिंग वाफेत होती. बाई, खरं सांगा, तुम्हाला कोणत्या सरकारी खात्यानं पाठवलंय?

इन्शिराह : मी काय इन्स्पेक्टर दिसते? या चपला घालून?

बिशारा : हल्ली ते चपला बघूनच माणूस पाठवतात.

इन्शिराह : मन खात असलं की असंच वाटतं. एक स्प्रिंग मागितली तर केवढी चौकशी!

बिशारा : मन खात नाही. विकणार नाही, एवढंच. ही बॉयलरच्या झडपेवर बसलेली होती. वाफ जास्त झाली की जी आपोआप उघडते ना, त्या झडपेवर. आणि चुकीची बसलेली होती. हे बघा, दोन वेढ्यांच्या मधे लोखंड चकाकतंय. वेढे एकमेकांना टेकत होते. स्प्रिंग दबून दबून नुसती नळी झाली होती. मग झडप उचलणार कशी? वाफेनं जायचं कुठे? अशीच दुसरी हवी असेल तर मी हात जोडतो. शेजारी जा.

इन्शिराह : शेजारीच गेले होते. त्यानंच इकडे पाठवलं. म्हणाला, सगळ्या सब्तियात डावे वेढे एकटा बिशारा घालतो, डावखुरा आहे म्हणून.

बिशारा : तो काय, तोंडाला येईल ते बोलतो.

इन्शिराह : मग फिरवून बघा की. डावे आहेत का उजवे?

बिशारा : डावे वेढे इटलीहूनही येतात. ही माझी नाही.

इन्शिराह : मघाशी माप घ्यायचा व्हर्नियर कुठल्या हातानं धरलात, ते मी पाहिलंय.

बिशारा : ...बरं. माझी आहे. आता तुम्ही बोला. कोण तुम्ही?

इन्शिराह : इंबाबा मोहल्ल्यातल्या मेतवल्लीची बायको. आमची लाँड्री होती. सोळा दिवसांपूर्वी बॉयलर फुटला. मागची भिंत आडवी झाली. नवरा दोन्ही हात भाजून इस्पितळात पडलाय. पोरगी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती, म्हणून हाती लागली.

बिशारा : देवानंच वाचवलं.

इन्शिराह : त्यानंच. आता माणसांचं बघू. आमच्याकडे शहात नावाचा माणूस आहे, बॉयलर तोच सांभाळायचा. फुटला तेव्हा हा गडी नेमका पाव आणायला बाहेर! झडपेची स्प्रिंग त्यानंच बदलली, असं नवरा म्हणतो. पोलिसांनी धरलाय. मीही तसंच लिहून दिलंय. उद्या त्याला सरकारी वकिलापुढे नेणार आहेत. तुम्ही एवढंच सांगायचं, की ही त्यानं तुमच्याकडून नेली. उंच आहे, वाळका, कपाळावर नमाजाचा घट्टा.

बिशारा : म्हणजे स्प्रिंग न्यायला नाही, साक्षीदार न्यायला आलात.

इन्शिराह : सरळ विचारलं असतं तर ‘माझी नाही’ म्हणाला असतात. आत्ता म्हणालातच की.

बिशारा : म्हणालो. त्याची लाज वाटते. पण उंच, वाळका माणूस आला नव्हता.

इन्शिराह : दिवसाला शंभर माणसं येतात, आणि तुम्हाला चेहरे आठवतात?

बिशारा : हुज्जत घातलेला आठवतो. रमजानच्या आधी आला होता. जुनी स्प्रिंग पुढे ठेवली. म्हणाला, हीच, पण जरा कडक. अडीचच्या जागी मी तीनची तार घातली. लोकांना वाटतं, अर्ध्या मिलिमीटरनं काय होतं? जोर दुप्पट होतो. मी त्याला म्हटलं, तेवढ्याच लांबीत जाड तार घातली की वेढ्यांना जागा उरत नाही, लवकर टेकतील. म्हणाला, टेकू देत. म्हटलं, पाणी लागणार? वाफ लागणार? तर स्टेनलेस घ्या. म्हणाला, गोदामाच्या फाटकाला लावायचीय. हा गंज बघा, बाई. साधी तार आहे ही. वाफेचं नाव जरी काढलं असतं, तरी ही मी दिली नसती.

इन्शिराह : शहात आहेच खोटारडा.

बिशारा : शहात नव्हता तो. बुटका होता, अंगानं भरलेला. चहा मागवला तर खिशातून काडेपेटी काढली. आत काड्या नव्हत्या, साखरेचा आजार असलेले साखरेऐवजी घालतात त्या गोड गोळ्या होत्या. दोन टाकल्या चहात.

इन्शिराह : हे कुणी पढवलं तुम्हाला?

बिशारा : पढवलं?

इन्शिराह : शहातची बायको येऊन गेलीय इथे. लाँड्रीतला चहा तीच करायची, ती काडेपेटी तिला पाठ आहे. काय म्हणाली? रडली असेल. रडायला छान येतं तिला.

बिशारा : कुणी आलेलं नाही.

इन्शिराह : आणि साखरेचा आजार काय, अर्ध्या कैरोला आहे.

बिशारा : आहेच. मी कुणाचं नाव घेतलं का? तुम्हीच कुणाला तरी आठवताय.

इन्शिराह : वाकड्यात शिरू नका.

बिशारा : अजून एक आहे. सांगू, की राहू दे?

इन्शिराह : सांगा. ऐकायला पैसे पडत नाहीत.

बिशारा : मी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा भडकला. म्हणाला, ‘नवाराच्या जिवाची शपथ, फाटकालाच लावायचीय.’ नवारा कोण ते मला ठाऊक नाही. पण लेकराच्या जिवाची शपथ घेतली की आमच्या बाजारात पुढे कुणी विचारत नाही. मीही नाही विचारलं.

इन्शिराह : ‘नवारा’ असं म्हणाला तो?

बिशारा : हो. ओळखीची आहे?

इन्शिराह : गच्चीवर कपडे वाळत घालत होती ती.

बिशारा : ...पाणी घ्या, ताई. बसा. त्या स्टुलावर बसा.

इन्शिराह : झडप सारखी फुसफुसायची, उस्ता. वाफ कमी पडायची, इस्त्र्या गार व्हायच्या, हॉटेलच्या चादरी तुंबायच्या. नवरा दिवसभर शिव्या द्यायचा तिला. मग एक दिवस ती गप्प झाली. शहात मला म्हणाला होता, बाई, झडप हल्ली बोलत नाही. मी म्हटलं, बरं झालं, डोकं शांत झालं.

बिशारा : फुसफुसते ती बहुतेक वेळा झडपेच्या बैठकीत, म्हणजे ती टेकते तिथे, खडा अडकतो म्हणून. उघडून घासायची. अर्ध्या तासाचं काम.

इन्शिराह : अर्ध्या तासाचं?

बिशारा : मधे चहा प्यायचा वेळ धरला तरी.

इन्शिराह : उद्या याल तुम्ही? वकिलापुढे? हेच सांगाल, जसंच्या तसं?

बिशारा : आलो, तर आधी मलाच विचारतील, शपथेवर विसंबून कडक स्प्रिंग दिलीसच का? बाजारात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

इन्शिराह : म्हणजे येणार नाही.

बिशारा : पुरतं ऐका. आपण दोघं गप्प बसलो तर कुणाला काही कळायचं नाही. तुम्हाला तुमचं घर, मला माझं दुकान. तुम्ही म्हणालात तर ही आत्ता भट्टीत टाकतो.

इन्शिराह : आमिष दाखवताय, की परीक्षा घेताय माझी?

बिशारा : खरं सांगू? माझं मलाच कळत नाहीय.

इन्शिराह : शहातची बायको सोळा दिवस ठाण्याच्या पायरीवर बसलीय. परवा मी तिच्या अंगावर खेकसले, ऊठ म्हटलं, निर्लज्ज. ती मुकाट्यानं उठली आणि समोरच्या फुटपाथवर जाऊन बसली. द्या ती स्प्रिंग इकडे. भट्टीत नाही टाकायची.

बिशारा : घ्या. उद्यापर्यंत थांबलो तर माझं मन फिरेल. आत्ताच ठाण्यावर निघू. शटर ओढतो.

इन्शिराह : ओढा.

बिशारा : एक विचारू, ताई? पोलिसांनी तर तुकडा न तुकडा नेला असेल. ही तुमच्याकडे कशी राहिली?

इन्शिराह : उडून खिडकीच्या कट्ट्यावर पडली होती. मी इस्पितळात नेऊन त्याला दाखवली. म्हणाला, कुणाला सांगू नकोस, जाता जाता नाईलमध्ये फेक. मी फेकली नाही, शहातच्या विरुद्ध कामाला येईल म्हणून ठेवली.

बिशारा : तो फेक का म्हणतोय, याची शंका नाही आली?

इन्शिराह : नाही. मला वाटलं, बिचाऱ्याला ती बघवत नसेल.