अकरा कार्डं आणि एक सही

समारंभाचे अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, कोश कार्यालयातले माझे सहकारी, पहिल्या रांगेतले बाईंचे यजमान आणि सूनबाई, आणि चहाची वेळ टळली तरी बसून राहिलेले आपण सगळे सुजनहो,

आमच्या इंग्रजी-मराठी कोशाच्या मुख्य संपादक म्हणून बाई आज निवृत्त होत आहेत. माझ्या आधीच्या तिन्ही वक्त्यांनी एकच आठवण सांगितली: बाईंच्या हातून एकदा एका शब्दाचा अर्थ चुकला आणि त्यांनी ते समितीपुढे मोकळ्या मनाने कबूल केलं. मानपत्रातही तेच छापलंय. मी मघापासून खुर्चीत चुळबुळ करत होतो, कारण ती चूक बाईंची नव्हतीच. माझी होती.

शब्द होता ‘सेल्फ-रीइन्फोर्सिंग’. मी तेव्हा नवा, हंगामी, आणि नुकतीच शिंगं फुटलेली. अर्थ ठोकून दिला: ‘उत्तरोत्तर सुधारत जाणारे’. बाई त्या आठवड्यात सासूबाईंच्या आजारपणात अडकल्या होत्या. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी तपासनीस म्हणून सही केली आणि कोश छापून आला.

पाच वर्षांनी दुसरी आवृत्ती निघायची होती. आमच्याकडे रीत अशी, की शब्द कुणी कुठे कसा वापरलाय ते कार्डावर उतरवायचं आणि कार्डं बघून अर्थ पक्का करायचा. माझ्या शब्दाची अकरा कार्डं जमली, अकराही माझ्याच बाजूने. मी कॉलर ताठ करून ती बाईंपुढे ठेवली. बाईंनी चष्मा वर सरकवला.

“अरे शहाण्या, अफवाही अशीच फुगते. ती काय सुधारत जाते? माणूस पाण्याला भितो म्हणून पोहत नाही, पोहत नाही म्हणून आणखी भितो. परिणाम उलटून कारणालाच बळ देतो, एवढंच हा शब्द सांगतो. भलं की बुरं, ते नाही सांगत. आणि या अकरा जणांना अर्थ कुणी दिला, ते विचारलंस का?”

दोन दिवस फोन केले. अकराही जणांनी आमचाच कोश उघडला होता. माझीच चूक माझ्या बाजूने साक्ष द्यायला परत आली होती. शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला म्हणा ना.

मला कायम करायचं की नाही, हे समिती त्याच आठवड्यात ठरवणार होती. घरी बायकोला सातवा महिना. मी म्हणालो, “बाई, आता सगळे हाच अर्थ घेतात, राहू द्या की.” बाई मात्र समितीपुढे म्हणाल्या, “सही माझी, चूक माझी.” दुरुस्तीपत्रक निघालं. मी कायम झालो, आणि बाईंची बढती चार वर्षं लांबली.

मी गप्प बसलो. गप्प बसलो म्हणून सांगणं अवघड झालं, अवघड झालं म्हणून आणखी गप्प. कुणीतरी बाईंचं ते ‘चूक माझी’ समितीच्या इतिवृत्तातून उचललं, दुसऱ्याने त्याच्याकडून, आणि आज ते मानपत्रावर चढलं. बाईंनी कधी चकार शब्द काढला नाही. उलट मला मुलगी झाली तेव्हा स्वतः विणलेलं टोपडं घेऊन घरी आल्या. मला रडू आलं, ते मी आनंदाश्रू म्हणून खपवलं.

बाई, हाताने खुणा करून मला थांबवू नका, आज मी ऐकणार नाही. तुमच्यावर माझा फार जीव आहे, हेही आजवर सांगायचं राहिलं. अध्यक्ष महोदय, आपण तेव्हा समितीवर होतात, म्हणून विनंती करतो, मानपत्रातली ती ओळ बदलून घ्यावी.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलताना काही उणंअधिक झालं असेल तर क्षमा असावी. आणि ती चूक तेवढी माझ्या नावावर लिहावी.