दोन शब्दांमधलं बोलणं

सन्माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरील पाहुणे, भाषाशास्त्र विभागातले सहकारी, विद्यार्थी आणि आज निवृत्त होणारे आमचे सर,

“बाई, तुमची भाषा परकी नाही, आमच्याच कुटुंबातली आहे.” तीस वर्षांपूर्वी सर हे माझ्या आईला म्हणाले होते. आई या विभागात झाडलोट करायची. हातातला झाडू खाली न ठेवता ती म्हणाली, “मग इतकी वर्षं जेवायला कुणी कसं बोलावलं नाही?”

हसा. सरही हसले होते.

त्या काळी पार उत्तरेतल्या डोंगराकडच्या दार्दिक भाषांची, म्हणजे आईच्याही भाषेची, शब्दांची कार्डं इथे वेगळ्या खणात असत. ना भारतीय, ना इराणी. सरांनी तो खण रिकामा केला. या भाषा भारतीय-आर्यच आहेत, लवकर दूर पडल्या म्हणून जुनं धरून राहिल्या. ‘दार्दिक’ हे शेजारी-शेजारी नांदणाऱ्या या भाषांना सोयीसाठी दिलेलं नाव, एवढंच. संस्कृतातल्या ‘त्रि’चं आपण ‘तीन’ करून मोकळे झालो, आई अजून ‘त्रे’ म्हणायची. हे सिद्ध करायला अकरा वर्षं, दर गुरुवारी, चार नंबरच्या खोलीत ती सरांच्या टेपरेकॉर्डरसमोर एकेक शब्द तीन-तीनदा म्हणत बसली. मी बाहेरच्या बाकावर अभ्यास करायचे.

विभागाची शिस्त अशी, की फितीवर शब्द ठेवायचा आणि मधलं बोलणं कापायचं. सरांनी कापलेलं टाकलं नाही, एका पत्र्याच्या डब्यात ठेवलं. आईनं बजावून शब्द घेतला होता, “ते मधलं माझ्या पोरीला द्यायचं नाही हं.”

मला आईची भाषा येत नाही. तिनं शिकवलीच नाही. मी ती वर्गात शिकवते, फळ्यावर, तक्ता काढून. आई फेब्रुवारीत गेली. दवाखान्याच्या फॉर्मवर मातृभाषेचा रकाना होता. मी पेन धरून बसले. मग रकाना कोराच ठेवून दवाखान्यातल्यांनी फॉर्म नेला. रडू आलं नाही. अजूनही नाही.

काल सरांचं कपाट आवरताना डबा हाताला लागला. “तो राहू दे गं,” सर म्हणाले. मी ठेवला.

असो. बोलायला उभं केलंत, आभारी आहे. उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला.

आणि सर, डबा घरी नेण्याआधी त्यातली एक फीत लावाल? अर्थ सांगू नका. मी बाहेर बाकावर बसेन, दार लावून घ्या हवं तर. तुम्ही आईला शब्द दिलाय, ठाऊक आहे मला. तरी विचारते.