बायजाबाईच्या जागेवर

नाय ताई, बायजाबाई नाय बसत हल्ली. मी पुतळा, तिची धाकटी बहीन — आमी दोघी दिवाळे गावातच, घराला घर लागून — ती बरी होईस्तवर मीच येते नेरूळला तिच्या जागेवर. आवाज तिच्यासारखा? आता एका आईच्या पोटच्या आमी, आवाज काय येगळा आनू? हा मास्क होय, सर्दी झालीय मला. तुमी मासळी बघा ना. पापलेट घ्या, कल्ले उघडून बघा, कसे लाल हायेत. ए राजश्री, तू तुझी कोलंबी सोल गो, दात काय काढतेस?

हां, नाकाचं ऑपरेशन झालं तिचं. कोन बोललं तुमाला? असो, लपतंय काय असलं. कॅन्सर होता, कातडीचा — घाबरू नका, जिवाला काय नाय, डॉक्टर बोलला हा सहसा अंगात पसरत नाय, पन बसला तिथलं खात जातो. एवढीशी पुटकुळी होती हो, मोहरीच्या दान्याएवढी, डाव्या नाकपुडीवर. चमकायची, रक्त यायचं, खपली धरायची, परत रक्त. तुमीच तर पयल्यांदा — म्हंजे, तिनंच सांगितलं मला, नेरूळच्या एक ताई हायेत, त्यांनी डॉक्टरचं नाव लिहून चिठ्ठी दिली, बोलल्या, बायजाबाई, उद्याच्या उद्या दाखवा. आनि ही काय बोलली? शिंगाळ्याचा काटा लागलाय ताई, चाळीस वरसं उन्हात बसते, मला काय होतंय! चारचौघींत हसली तुमाला — त्या ताईंना. त्या चिठ्ठीची पुडी केली नि तंबाखू बांधली. आनि पुटकुळीवर पानाच्या डबीतला चुना. रोज. दीड वरस. आग व्हायची तर बोलायची, बघ, औषध लागतंय. अति शहाना त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

डॉक्टर ओरडला ना तिला. बोलला, तवा आली असतीस तर दोन टाक्यांत भागलं असतं. आता नाकपुडी गेली अर्धी. मग कपाळाचं कातडं वळवून नाकावर लावलं — तीन आठवडे मधी हा एवढा कातड्याचा पट्टा लोंबत होता, कपाळापासून नाकापर्यंत, सोंडेसारखा — सून जेवन देयाची ती तोंड फिरवून. तिचा दोष नाय, मी पन आरशावर टॉवेल टाकलेला. मग तो पट्टा तोडला. आता नाक हाय, पन जाड, लाल, एका अंगाला फुगलेलं. वरसभरात सूज उतरंल बोलतात, डाग फिका होईल, बोटानं रोज चोळायचं. नथीचं भोक मात्र गेलं ते गेलं. पयल्या दिवशी आली होती की इथं, उघड्या तोंडानं, मोठ्या हिमतीनं. एका बाईनं पसंत केलेली सुरमई परत पाटीत ठेवली. ठेवली नि पदराला हात पुसला बिचारीनं. लागतं का हो असलं कुनाला? लागत नाय. पन बाईला काय सांगनार, नि कुठल्या तोंडानं? त्याच्याहून मोठी भीती तिला येगळीच — त्या चिठ्ठीवाल्या ताई आल्या तर? बाकी दुनिया हसू दे, पन त्यांच्यासमोर — मेल्याहून मेल्यागत होतं बघा. म्हनून घरात बसते ती. मी तिला किती बोलते, जा, त्या काय खातील तुला? तर रडते.

घ्या, झालं तुमचं. डोकी येगळ्या पिशवीत घातलीत, सासऱ्यांच्या कालवनाला. तुकड्या बारीक पाडल्यात, मधला काटा काढून, तुमच्या क्षिप्राच्या घशात तवा अडकला होता तसं नको परत —

काय झालं? धरा ना पिशवी.

अगो बाई. मी पुसलंच नाय. कशा कापू, ते पुसलंच नाय मी तुमाला.

राजश्री, तू गप.

असं बघू नका ताई. शिव्या घाला हव्या तर, पन असं बघू नका. मास्क? नको. नको बोलते ना. हात नका लावू, मासळीचा वास लागंल तुमाला — नाय, दुखत नाय आता. खरंच नाय दुखत. लाज वाटते नुसती. तुमची लाज वाटते.

बरं, बरं. बघितलंत ना? झालं. आता जा, घरी कालवन व्हायचंय तुमचं, मागं गिऱ्हाईक उभं हाय. उद्या या. पुतळा नाय येनार उद्या.