कोपरे नसलेलं आवार

आत्या : कोपरे कुठं गेले?

भाची : फळ्या मारून बुजवले. चारही. आता आवार गोल झालंय.

आत्या : हे आवार अण्णांनी बांधलंय. तुझ्या आजोबांनी. त्यांना गोल बांधता येत नव्हतं म्हणून चौकोनी नाही केलं.

भाची : घोडं कोपऱ्यात दाबता यावं म्हणून केलं. तूच सांगितलंयस, कितीदा तरी, कौतुकानं.

आत्या : त्या कोपऱ्यांत तयार झालेल्या घोड्यांवरच हे घर चाललंय. तुझ्या शिक्षणासकट.

नालबंद : बाई, मी येऊन उभा आहे. तुमचं दोघींचं होऊ द्या सावकाश. मी एका पायावर तयार आहे. दुसरा गेल्या खेपेला तुमच्या ठमी घोडीनं लाथ घालून अधू करून ठेवलाय.

आत्या : म्हणूनच आज शेवटचं. खूर वाढून घोडी लंगडायला लागली, आणि पायाला हात लावू देत नाही. अशी घोडी काय शोकेसमध्ये ठेवायचीय? आज खूर कापून घेतले तर राहील. नाहीतर ट्रक बाहेर उभा आहे. कुठं नेतो ते मला विचारू नकोस.

भाची : विचारत नाही. मला माहीत आहे कुठं नेतो.

नालबंद : फासाची काठी आणलीय मी. वरच्या ओठाला अडकवून पिळली की घोडं हलत नाही.

भाची : ती बाहेर ठेवा, काका. त्या दिवशी नाही हलत, पण पुढच्या वेळी तुमचा आवाज ऐकूनच लाथ झाडते.

नालबंद : आवाज तसा बरा आहे माझा.

आत्या : आणि हे काय? तोंडात लगाम नाही. डोक्याला नुसती म्होरकी, तीही सुताची. शेळीला घालतात तसली.

भाची : शेळीला ओढतात. मी हिला ओढत नाही.

आत्या : दोरी?

भाची : काढून ठेवलीय.

आत्या : फाटक तरी लावशील की नाही?

भाची : नाही. उघडंच राहणार.

आत्या : डोकं ठिकाणावर आहे ना?

भाची : आहे. निघून जाता येतं हे कळलं की ती थांबते. रोज थांबते. टायरवर पाय ठेवून उभी राहते, लाकडी हातोडीनं खूर ठोकून घेते, ताडपत्रीवरून चालते. तू कधी बघायलाच आली नाहीस.

आत्या : सर्कस बघायला मला वेळ नाही.

भाची : मग आज बघ. काका, या. टायरपाशी बसा. तिच्याकडे बघू नका, हातातल्या कानशीकडे बघा.

नालबंद : बसतो. घरी सांगूनच आलोय, उशीर झाला तर दवाखान्यात चौकशी करा म्हणून.

भाची : ठमे, पाय. दे बघू. शाब्बास. काका, हळू.

नालबंद : अरेच्चा. दिला की हिनं. बाई, बघताय ना? खूर कापतोय मी.

आत्या : बघतेय. पुढचा पाय कुणीही देतं. मागचा घे.

भाची : घेते. आत्या, हातातला तो चाबूक बुटावर आपटू नकोस.

आत्या : आपटत नाहीये. हाताला सवय आहे.

भाची : त्या आवाजाची तिलाही सवय आहे. बघ, कान मागे गेले. काका, पाय सोडा. धरू नका, सोडा. जाऊ दे तिला.

आत्या : गेली. माझ्या अंगावरूनच गेली फाटकातून. झालं समाधान? अगं, बघत काय बसलीस, धर तिला.

भाची : नाही धरणार.

आत्या : मी सांगतेय.

भाची : ऐकलं. नाही धरणार. ट्रकवाल्याला बोलवायचं तर बोलव, दोरखंड आणि माणसं घेऊन ये. माझ्या हातानं ती कोपऱ्यात जाणार नाही. मला ती हवीय, आत्या. फार हवीय. पण पिळून, दाबून ठेवलेली नको. आणि तुझ्यासमोर मी रडणारही नाही.

आत्या : ही उलट उत्तरं तुझ्या बापाकडून आलीत.

भाची : तुझ्याकडून. सगळेच म्हणतात.

नालबंद : म्हणतात खरं.

आत्या : तुला कुणी विचारलं? मी इथंच फाटकात उभी राहते. बघू कुठवर पळते ती.

नालबंद : बाई, ती पळत नाहीये. पाण्याच्या टाकीपाशी उभी आहे. वळली आता. येतेय इकडे. थांबली.

आत्या : थांबली का? ये म्हणावं, यायचं तर.

भाची : ती यायलाच निघाली होती. वाटेत तू उभी आहेस.

आत्या : मी? हिच्या वाटेत?

भाची : चाबूक घेऊन.

आत्या : हा अण्णांचा चाबूक आहे. त्यांनी माझ्या हातात दिलाय.

भाची : ते तिला कसं कळणार? तिला नुसता चाबूक दिसतो.

नालबंद : बाई, ट्रकवाला हॉर्न देतोय.

आत्या : देऊ दे.

(आत्याचे बूट फाटकातून बाजूला सरकतात. मग वाळूवर टापांचा आवाज जवळ येतो.)

भाची : आलीस ना? मागचा पाय, ठमे. हं. असा.

नालबंद : दिला. बाई, तुमचा चाबूक तिकडं फाटकाबाहेर पडलाय.

आत्या : पडला नाही, ठेवलाय. तू कानस चालव.