उसनी पोरं

कियोंडो : “ऊन कलायच्या आत पोरीला वर आणून पोचवते.” कोण म्हणालं होतं हे? आमच्या दारात उभी राहून तूच म्हणालीस ना, आत्या? मग?

नाकुंदा : आल्या आल्या भांडू नकोस. आधी बस. पाय बघ कसे फुटलेत. मकांदे आहे कालचं, मका छान मऊ झालाय, घेवडाही आहे. गरम करून देते.

कियोंडो : खायला नाही आलो मी. डॉक्टर कुठंय?

नाकुंदा : कुठला डॉक्टर?

कियोंडो : वा. कुठला म्हणे. तुमच्याकडे काय ढीग पडलाय त्यांचा? तो गोरा. पंधरा दिवसांमागं पोरांना आडवं पाडून पोटं दाबत होता तो. त्या आंब्याखाली तंबू होता त्याचा. आता तिथं राख आहे आणि तुझ्या शेळ्या बसल्यात.

नाकुंदा : गेला असेल पुढं. त्याचं काय, आज इथं, उद्या तिथं. पण तुला कशाला हवाय तो?

कियोंडो : नांझिया तापलीय.

नाकुंदा : ताप होय? एवढंच ना रे. मला वाटलं काय झालं. पावसानंतर तापतातच पोरं. आमचा सेबूगे तर सारखाच आडवा होतो. दोन दिवस कुडकुडतो, मग घाम फुटतो, की उठला आणि गेला शेळ्यांमागे. पोट तेवढं वाढतं. तुझ्या आईला सांग, कडू पाला उकळायचा आणि...

कियोंडो : पाला झाला. मुळी झाली. आई सगळं करून बसलीय. नांझिया कुणाला ओळखत नाही, आत्या. काल मला, सख्ख्या भावाला बघून किंचाळली. मी तिला कोण वाटलो कोण जाणे. आणि झटके येतायत. दातखीळ बसली म्हणून बाबांनी लाकडी डाव घातला तोंडात. तिनं तो चावून मोडला. एवढीशी पोर.

नाकुंदा : झटके?

कियोंडो : हो. झटके.

नाकुंदा : कधीपासून?

कियोंडो : परवापासून. आणि तू मला शेळ्या सांगतेस.

नाकुंदा : थांब जरा. मला... बाकीची पोरं कशी आहेत? तिच्याबरोबर आणली होती ती? नामसेमोचा धाकटा?

कियोंडो : विचारलंस एकदाचं.

नाकुंदा : कसा आहे तो?

कियोंडो : पुरला त्याला. काल सकाळी.

नाकुंदा : काय बोलतोस तू.

कियोंडो : पुरला म्हणतोय. खड्डा मीच खणला. खाली दगड लागला, मग दुसरीकडे खणला. नामसेमोनं त्याच्यासाठी केळं सोललं होतं, ते हातात धरून बसलीय. काळं पडलं केळं, तरी सोडत नाही. आणि बाकीच्यांतली दोघं कालपासून अंग धरून पडलीत.

नाकुंदा : पण तो तर... अरे, जाताना तो माझ्या कडेवरून उतरत नव्हता. माझ्या कानातलं ओढत होता. मीच त्याला...

कियोंडो : तूच त्याला आणलंस. तेच सांगतोय मी.

नाकुंदा : देवा.

कियोंडो : आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. मिठासाठी उतरायचं, बाजार करायचा, सावल्या लांबल्या की चढायला लागायचं. खाली झोपायचं नाही. वरचं कुणीच झोपत नाही. आणि तू तर वरचीच. लग्न होऊन इथं आलीस, तर पहिल्याच पावसात बाबांनी तुला झोळीत घालून घरी आणलं होतं. आजी अजून सांगते, केस गळून डोक्याचा भोपळा झाला होता तुझ्या. तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस फक्त.

नाकुंदा : माहीत होतं.

कियोंडो : मग?

नाकुंदा : मी निघाले होते रे त्यांना घेऊन. डॉक्टर दुपारी यायचा होता. त्याची लॉरी नदीच्या उतारात रुतली. आला तो दिवस बुडताना. पोटं सकाळी बघू म्हणाला. मी तशीच पोरांना घेऊन वाटेला लागले, तर तुझ्या काकांनी अडवलं.

कियोंडो : का?

नाकुंदा : त्यांनाच विचार. ते बघ, आले.

(नाकुंदाचा नवरा माकांगे ओलं जाळं खांद्यावर टाकून नदीकडून येतो.)

माकांगे : कोण, कियोंडो? लांबून आवाज ऐकला, म्हटलं आज बाजार आमच्याच अंगणात भरला. काय रे, मिशनच्या मास्तरला मारून शाळा सोडलीस, आता आत्याचा नंबर का?

कियोंडो : मास्तरनं आधी मारलं होतं.

नाकुंदा : अहो, ऐका. नामसेमोचा धाकटा गेला. आपल्या नांझियाला झटके येतायत.

माकांगे : काय?

नाकुंदा : गेला तो. पुरलासुद्धा.

माकांगे : असं कसं? ताप तर सगळ्यांनाच येतो.

कियोंडो : तुम्हाला येतो. आम्हाला येत नाही. म्हणूनच आमची पोरं हवी होती ना तुम्हाला? चपट्या पोटांची?

माकांगे : हे बघ, आवाज खाली. मी या गावचा जुंबे आहे. सरकारनं नेमलाय मला. मला सगळ्यांचं बघावं लागतं. त्या वाकणावरच्या गावाचं काय झालं, ठाऊक आहे ना? तिथं असेच लोक आले. पोरांच्या डाव्या बरगडीखाली हात घातला, तर तापानं फुगलेली पानथरी लागली दगडासारखी. एकाला नाही, सगळ्यांना. झालं. गाव रोगट आहे, उठा. मका शेतात उभा आणि झोपड्या पेटवल्या. ती माणसं आता घायपाताच्या मळ्यावर बराकीत राहतात. जर्मन होते तेव्हा कर घेऊन गप्प तरी बसायचे. हे इंग्रज पोटात हात घालून बघतात.

कियोंडो : म्हणून पोरं उसनी आणायची.

माकांगे : एका दिवसासाठी. आमची फुगलेली होती ती बोरूच्या बेटात नेऊन बसवली. जी धड होती ती पुढं केली. कमी पडली तेवढी वरून मागवली. यात कुणाचं काय वाईट चिंतलं मी?

कियोंडो : ते राहू द्या. रात्री का ठेवून घेतलीत?

माकांगे : डॉक्टर सकाळी मोजणार होता. तोवर पोरं नाहीशी झाली असती तर? विचारलं असतं ना, काल होती ती कुठं गेली.

कियोंडो : आत्या, तुझ्या घरात रोज रात्री शेणी पेटतात. डोळे चुरचुरतात इतका धूर असतो. त्या रात्री केला होता ना?

नाकुंदा : थांब, मकांदे तरी गरम करते.

कियोंडो : आत्या.

नाकुंदा : नाही.

कियोंडो : का नाही?

नाकुंदा : डॉक्टरची माणसं होती बरोबर, डास धरणारी. काचेच्या नळ्या घेऊन फिरतात ती. म्हणाली, पहाटे येऊन भिंतीवरचे डास टिपायचेत, तर रात्री विस्तव नको, धूर नको. आणि माणसं नेहमीसारखी झोपलेली पाहिजेत. रिकाम्या घरात डास येत नाहीत म्हणाली.

कियोंडो : घर कुणाचं धरलं?

माकांगे : जुंबेचंच धरणार. मोठं आहे.

कियोंडो : तुम्हीच दाखवलंत.

माकांगे : दाखवलं. मग काय करायला पाहिजे होतं? माझी पोरं बोरूत. जुंबेच्या घरात रिकाम्या चटया बघून त्यानं काय समजायचं? या पोरांना आत झोपवलं. माझी म्हणून.

कियोंडो : म्हणजे गळाला गांडूळ लावतात तसं.

नाकुंदा : असं बोलू नकोस रे.

कियोंडो : मग कसं बोलू? भरल्या का त्या नळ्या?

नाकुंदा : भरल्या. टम्म झाले होते डास. एक जण उजेडात धरून दाखवत होता. नांझियाला गंमत वाटली. “आत्या, हे माझं रक्त?” म्हणाली. मीपण हसले.

कियोंडो : हसलीस.

नाकुंदा : हो. हसले मी.

माकांगे : आणि डॉक्टर काय म्हणाला, तेही सांग त्याला. डास एवढे आणि पोरं अशी ठणठणीत, नवल आहे म्हणाला. नांझियाचं पोट तर त्यानं दोनदा दाबून बघितलं, माणसांना बोलावून दाखवलं. असं गाव नदीकाठी दुसरं नाही म्हणाला.

कियोंडो : मग तुमच्याकडे त्याच्या गोळ्या असतील. क्विनीनच्या. द्या.

माकांगे : नाहीत.

कियोंडो : एकसुद्धा?

माकांगे : निरोगी गावाला गोळ्या कशाला देईल?

कियोंडो : ऐकलंस, आत्या? बरं. आता शेवटचं विचारतो. डॉक्टर कुठंय?

माकांगे : आधी तू सांग, त्याला काय सांगणार आहेस.

कियोंडो : गोळ्या दे म्हणणार.

माकांगे : कुणासाठी, विचारेल. वर डोंगरात हा ताप नाही, हे त्याला ठाऊक आहे. पोर कुठं झोपली होती, हेच पहिलं विचारेल.

कियोंडो : मग सांगीन कुठं झोपली होती.

माकांगे : म्हणजे आम्ही उठलो. तुझी आत्या, सेबूगे, म्हातारीकोतारी, सगळी बराकीत. कशाला? तू असं कर. पोरगी मळ्यावर कुणाकडं तरी राहायला गेली होती म्हण. नाव दुसरंच सांग. तो काय डोंगर चढून बघायला येतोय? गोळ्या मिळतील, नांझिया उठेल. आणि आम्हीही राहू.

नाकुंदा : सांग तसं, कियोंडो. बाळा, तसंच सांग. गोळ्या मिळाल्याशी कारण.

कियोंडो : नामसेमोला काय सांगू?

माकांगे : तिला मी भेटेन. शेळी देईन, दोन देईन. आणि थोडे दिवस कळ काढा म्हणावं, मग तिलाही इथं घर मिळेल. तुम्हा सगळ्यांनाच मिळेल.

कियोंडो : कसलं घर?

माकांगे : रस्त्याचं काम निघतंय ना. तुमच्या डोंगरातली माणसं घेणार आहेत. बायकापोरांसकट. राहायला जागा हवी, तर डॉक्टरनं हेच गाव सुचवलंय. मी नको कसं म्हणणार? घरांना पत्रे घालून देणार आहेत.

नाकुंदा : वरची माणसं? इथं?

माकांगे : हो.

नाकुंदा : झोपायला?

माकांगे : राहायला म्हणजे झोपायला नाही तर काय?

नाकुंदा : हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं.

माकांगे : कालपर्यंत चांगलीच बातमी होती ती.

नाकुंदा : स्टेशनवर आहे डॉक्टर. सामान चढवतायत त्याचं. आजच्या गाडीनं जाणार आहे.

माकांगे : नाकुंदा.

नाकुंदा : घायपाताच्या कडेकडेनं जा, कियोंडो. ती वाट जवळची आहे.

माकांगे : जाऊ दे त्याला, जाऊ दे. पाय फुटलेलं, मास्तरला बडवून पळालेलं पोरगं. हा जुंबेच्या विरुद्ध बोलणार आणि गोरा माणूस मान हलवणार? त्यानं स्वतःच्या हातानं पोटं बघितलीत. त्याचा हात खोटा आणि हा खरा?

कियोंडो : ओरडेन मी. डब्यासमोर आडवा पडेन.

माकांगे : शिपाई उचलून बाजूला ठेवतील.

नाकुंदा : सेबूगेला घेऊन जा.

माकांगे : काय म्हणालीस?

नाकुंदा : त्याच्या बरगडीखाली हात घालू दे डॉक्टरला. मग कुणी काही बोलायची गरज नाही. जुंबेचा थोरला म्हणून सांग त्याला. माझं नाव घाल.

माकांगे : माझा मुलगा आहे तो.

नाकुंदा : तो दुसराही कुणाचा तरी होता.

माकांगे : अगं, सगळं जाईल. घर, जाळी, मका. आपल्या पोरांची थडगी इथं आहेत. मी जुंबे राहणार नाही.

नाकुंदा : नाही राहणार.

माकांगे : मग?

नाकुंदा : मग नाही राहणार.

कियोंडो : आत्या, चालेल का तो एवढं?

नाकुंदा : नाही चालणार. पाठीवर घे. डावीकडून घट्ट धरू नकोस, दुखतं त्याला तिथं. आणि विचारत सुटेल, कुठं चाललो, का चाललो.

कियोंडो : काय सांगू?

नाकुंदा : आगगाडी बघायला म्हण. त्यानं बघितलेली नाही अजून.

माकांगे : कियोंडो, ऐक. निदान चार माणसं बसून बोलू. मी स्वतः येतो डॉक्टरकडे, मी नीट सांगतो.

कियोंडो : तिकडं गाडीचा धूर दिसायला लागलाय, काका. हात सोडा. मला निघायचंय.