दोनदा परत येणारं फंक्शन

(फोनवर. सर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहितात; ‘मॅन्युअलवाली’ त्याचं मॅन्युअल तयार करते. ‘मॅन्युअलवाली’च्या डाव्या हातावर बाळ झोपलेलं.)

कर्नलवाले सर: आणि ‘हे फंक्शन दोनदा परत येतं’ हे माझं वाक्यच तुम्ही मॅन्युअलच्या प्रकरणातून खोडलंत?

मॅन्युअलवाली: मला वाटलं, ‘दोनदा’ चुकून पडलंय. एकदा बोलावलेलं फंक्शन एकदाच परत येतं ना.

सर: मोठ्यानं बोला.

मॅन्युअलवाली: नाही बोलता येणार. आत्ताच डोळा लागलाय त्याचा.

सर: बरं, ऐका. हायबरनेट करताना, म्हणजे मशीन झोपवताना, हे फंक्शन प्रोसेसरच्या आतलं सगळं, तो प्रोग्रामच्या कुठल्या ओळीवर उभा आहे तेसुद्धा, मेमरीत टिपून ठेवतं. फंक्शन परत येतं. मग मेमरीची प्रत डिस्कवर जाते, मशीन बंद. पुन्हा चालू केलं की ती प्रत उचलायची, प्रोसेसर त्याच ओळीवर उभा...

मॅन्युअलवाली: आणि फंक्शन पुन्हा परत येतं. त्या बिचाऱ्याला वाटतं, आत्ताच तर टिपून झालं.

सर: म्हणून पुढच्याच ओळीत खूण तपासायची, झोपायला निघालोय की उठून आलोय. तुमचं प्रकरण वाचून नव्या टीमनं ती तपासणी फालतू म्हणून काढली. सकाळपासून चाचणीचं मशीन उठतंय आणि उठल्या उठल्या पुन्हा झोपायला जातंय.

मॅन्युअलवाली: बाहेर पडायला वाटच नाही त्याला.

सर: चारला मीटिंग आहे. चूक कुणाची, विचारतील.

मॅन्युअलवाली: टीम लीड परवाच म्हणाल्या, बाळंतपणानंतर लक्ष लागत नसेल तर प्रिंटरची मॅन्युअल्स घे. एकदा तिकडे गेले की कर्नलचं काम परत मिळायचं नाही, सर. तिथून कुणी आलंय का परत?

सर: प्रिंटर काय वाईट? डोक्याला ताप नाही. बाळाकडेही बघता येईल.

मॅन्युअलवाली: बाळाकडे मी बघतेच आहे.

सर: तुमच्या भल्याचं सांगतोय. चूक झाली म्हणा, मोकळ्या व्हा.

मॅन्युअलवाली: चूक माझीच आहे, ती मी सांगेन. पण प्रकरणाखाली ‘तपासलं, मंजूर’ असं तुमचं नाव आहे. चौदा पानं. मी पाठवल्यावर दोन मिनिटांत मंजूर झालीत.

सर: त्या दिवशी घाई होती हो.

मॅन्युअलवाली: मलाही होती.

सर: हे मीटिंगमध्ये काढणार आहात?

मॅन्युअलवाली: ते वाक्य मी परत घातलंय. प्रकरण तुमच्याकडेच पाठवलंय, सर. या वेळी वाचून मंजूर करा.