दमयंतीच्या घरचा दूधभात

माझा जन्म भुसावळचा, रेल्वेच्या क्वार्टरमधला, वडील खलाशी होते रेल्वेत, आणि क्वार्टर म्हणजे कसं बघा, एका भिंतीला तेलुगू, दुसऱ्या भिंतीला बिहारी, समोर ख्रिश्चन, सगळ्यांच्या घरात खाऊनपिऊन मी मोठी झाले, त्यामुळे माणसं जोडायला मला कुणी शिकवावं लागलं नाही, नवरा तर म्हणतो तुला ते जरा जास्तच येतं. पुढं लग्न झालं, मुलगी झाली, नवऱ्याला इकडं सिंगापूरला काम मिळालं आणि आम्ही बेडोकला या ब्लॉकमध्ये, म्हणजे या उंच इमारतीत, राहायला आलो. मी एका चाइल्डकेअरच्या किचनमध्ये स्वयंपाक करते, अजून करते.

तिथंच सेल्वी भेटली मला. साफसफाईला होती, श्रीलंकेची तमिळ, जाफन्याकडची, आणि राहायला आमच्याच ब्लॉकमध्ये, मला अक्का म्हणायची. आमच्या वरती दमयंती, तीही श्रीलंकेची पण सिंहली, चांगी बिझनेस पार्कला अकाउंट्समध्ये. आता तिकडं तमिळ आणि सिंहली लोकांची केवढी लढाई झाली, किती वर्षं चालली, एवढं मला ऐकून माहीत होतं, पण इथं काय सांगू तुम्हाला, दोघी इतक्या नीट वागायच्या एकमेकींशी, गुड मॉर्निंग काय, चहा झाला का काय, एकीची पिशवी जड असली की दुसरी हात लावणार. मी मुलीला म्हणायची, बघ जरा, शीक काहीतरी. ती इथल्या पोरांच्या बोलीत म्हणायची, आई, दे आर जस्ट बीइंग पोलाइट लाह. मी तिलाच गप्प केलं, म्हटलं तुला काय कळतंय.

सेल्वीनं एकदाच तोंड उघडलं, कांदे चिरत होते मी तेव्हा. तिचा धाकटा भाऊ लढाईच्या शेवटच्या दिवसांत नाहीसा झाला, मेला म्हणून कुणी सांगत नाही, आहे म्हणूनही सांगत नाही, म्हातारी आई त्याचा फोटो घेऊन अजून सरकारी हापिसांत जाऊन बसते. आणि म्हणाली, अक्का, हे दमयंतीला कळायला नको. मी नाही सांगितलं हो, कुणाला म्हणजे कुणालाच नाही सांगितलं.

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, वैशाखातली. दमयंती आली, म्हणाली घरी पाहुणे आहेत, आमचा दूधभात करायचाय, मोठं पातेलं आहे, नारळाचं दूध पिळायला हात पाहिजेत, तुम्ही या, सेल्वीलाही आणा. आता आम्ही बौद्ध माणसं, बुद्धपौर्णिमा तोंडावर आलेली, दूध आणि तांदूळ म्हटलं की माझ्या डोळ्यापुढं सुजातानं बुद्धाला दिलेली खीर, आमच्या घरोघरी करतात ती त्या दिवशी, दुसरं काही मनात येणार कसं? सेल्वीनं विचारलंही, कशाचं आहे अक्का? मी म्हटलं, अगं बुद्धाची खीर आहे, चल. माझ्याच तोंडानं म्हटलं मी हे.

दोन तास राबलो. सेल्वीनं नारळ पिळले, भात ढवळला, थापला, वड्या कापल्या. पाहुणे आले तशी दमयंतीनं आतून एक फोटो आणून ठेवला, फौजी कपड्यातला, तिचा मोठा भाऊ, त्याच लढाईत गेलेला. फोटोला कोण नाही म्हणेल, भाऊ तो भाऊच. पण मग एक गृहस्थ उभे राहिले, आम्हा दोघींना कळावं म्हणून मुद्दाम इंग्रजीत बोलले, म्हणाले लढाई जिंकल्याचे हे दिवस, तिकडं रस्तोरस्ती हा दूधभात वाटला होता, घ्या, तोंड गोड करा. आणि पहिली बशी धरली सेल्वीपुढं, हसून, अगदी आदरानं. सेल्वीनं घेतली. थँक यू म्हणाली, सगळी खाल्ली, बशी धुऊन ठेवली. माझी बशी मी तशीच ओट्यावर ठेवली.

खाली येताना म्हणाली, तुम्हाला माहीत होतं. मी म्हटलं पोरीची शपथ, मला नव्हतं गं माहीत. म्हणाली, तुम्ही बौद्ध, ती बौद्ध, तुम्हाला माहीत नसणार कसं? आणि दार लावून घेतलं.

मी तशीच वर गेले, दमयंतीला म्हटलं, तू फसवलंस मला, आधी का नाही सांगितलंस? तर ती शांतपणे म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही दोघी आला असता का? आणि आमची माणसं नाही का मेली? मी म्हटलं मेली ना, मग रडायला बोलव की, मी रडले असते तुझ्याजवळ बसून, सेल्वीसुद्धा रडली असती कदाचित. तिच्या हातून तिच्याच दुःखाचा भात रांधून घेतलास, आणि तिला आणवलंस माझ्या हातानं. यावर तिनं चहा विचारला मला. चहा!

त्यानंतर सेल्वीनं काम बदललं, टॅम्पिनीसला जाते आता, घर मात्र इथंच. आणि गंमत सांगू का, त्या दोघींचं काही बिघडलं नाही. तसंच गुड मॉर्निंग, तसंच पिशवीला हात लावणं. जे काही तुटलं ते माझ्याशी तुटलं, कारण विश्वास तिनं माझ्यावरच टाकला होता, दमयंतीवर तिनं कधी टाकलाच नव्हता. भलं होवो दोघींचं, मी वाईट चिंतत नाही, सेल्वीचा भाऊ सापडो एवढं मागते. पण लागतं हो मनाला. परवा लिफ्टचं दार लागत होतं, सेल्वी आत होती, तिनं माझ्यासाठी बटण दाबून धरलं, मी आत गेले, आणि मला म्हणाली, मॅडम, कितवा मजला? मी सांगितलं, आठवा.